बोळे घातल्यावर ऐकू आलेलं रडणं

आधीच सांगून टाकतो, भूत, भानामती, अंगात येणं असलं काही कुणी सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस आहे. या सदरातले अनुभव माझी बायको मोठ्यानं वाचायची आणि मी तिची थट्टा करायचो. आता मीच लिहितोय... आणि लिहितानाही डोळे मिटताहेत, तेव्हा कुठं चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

मी लाखनीजवळच्या एका राईस मिलमध्ये बॉयलर सांभाळतो. उसना तांदूळ करायचा तर धान वाफवावं लागतं आणि वाफेवर रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे माझी कायमची रात्रपाळी. सकाळी घरी यायचं, आंघोळ करायची, दोन घास खायचे आणि पडायचं. घर हायवेपासून आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी वसलेल्या गावात. हे बायकोचं माहेर. सासू-सासरे गेल्यावर घर रिकामंच होतं म्हणून आम्ही इथं राहायला आलो. बायको साकोलीला शाळेत शिकवते, सकाळी बसनं जाते ती संध्याकाळीच येते. दिवसभर घरात मी आणि माझी झोप, असं मला वाटलं होतं.

पण भिंतीला भिंत लागून महादेवबाबांचं घर, फक्त दार आमच्या दाराच्या उलट्या बाजूला. तलावावर मासेमारी करणारं कुटुंब. बाबा सत्तरीच्या पुढचे, त्यांची बायको यशोदामाय, मुलगा दिलीप आणि सून. माणसं वाईट आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. मासळी निघाली की पहिला वाटा आमच्याकडे येतो. पण आवाज! बाबा दिवसभर ओट्यावर बसून फेकजाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ठोकत असतात, टुक-टुक, टुक-टुक. यशोदामायला हळू बोलताच येत नाही, ती चुलीपाशी बसून तलावापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी सुनेशी बोलते. आणि दिलीपचा धंदा डीजेचा. लग्नसराई आली की अंगणात बॉक्स मांडून त्याचं ‘हॅलो, चेक, चेक’ सुरू. आमच्या मांडणीतल्या पितळी वाट्या थरथरायच्या.

तुम्ही म्हणाल, जाऊन सांगायचं ना. कसं सांगणार? मी गावचा जावई. आमच्याकडे एका घरचा जावई हा अख्ख्या गावचा जावई. म्हातारी माणसंसुद्धा मला ‘जवाईबापू’ म्हणून खुर्ची देतात. इतका मान घेऊन त्याच लोकांना ‘गप्प बसा’ म्हणायचं, ते माझ्या तोंडातून निघेना. बायकोला म्हटलं तू सांग, तर ती म्हणाली, महादेवबाबांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली आहे, मी नाही सांगणार.

मग राहिला एकच उपाय. आपले कान बंद करायचे.

आधी कापूस, खोबरेल तेलात भिजवून. उशी तेलकट झाली, बाकी फरक शून्य. मग ऑनलाइन नारिंगी फोमचे बोळे मागवले. ते बोटांनी दाबून कानात घातले की हळूहळू फुगतात. टुक-टुक गेली, यशोदामाय राहिली. शिवाय कुशीवर वळलं की एक बोळा बाहेर, आणि मग तो अंथरुणात शोधत बसायचं. सिलिकॉनचे आणले, त्यांनी कान खाजायला लागले. मिलमधले मोठे इअरमफ घरी आणून पाहिले, ते घालून माणूस फक्त उताणा झोपू शकतो. शेवटी बायकोच्या भाच्यानं सल्ला दिला की नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन घ्या. आठवडाभर मी मोबाइलवर लोकांचे रिव्ह्यू वाचत होतो. झोपायच्या वेळेत झोपेची साधनं निवडत बसलो होतो, माझी मलाच कीव यायची.

हेडफोन आले. कूलरची घरघर गेली, पण माणसांचे आवाज आत येतच राहिले. मग एक दिवस वैतागून कानात फोमचे बोळे घातले आणि वरून हेडफोन चढवले. आणि काय सांगू... शांत. पूर्ण शांत. मला अक्षरशः रडू आलं. त्या दिवशी मी मेल्यासारखा झोपलो. तोवर मिलमध्ये बॉयलरसमोर डुलकी लागल्याबद्दल मालकाची बोलणी एकदा खाऊन झाली होती, आणि बॉयलरसमोर डुलकी म्हणजे गंमत नाही. त्यामुळे ही युक्ती सापडली तेव्हा आपला जन्म सार्थकी लागला असंच मला वाटलं.

हे सुख फार टिकलं नाही. चैत्रातली गोष्ट, भर दुपार. बोळे आणि हेडफोन घालून झोपलो होतो, आणि रडण्यानं जाग आली. बाईचं रडणं. ज्यांनी आमच्याकडची मयत पाहिली आहे त्यांना कळेल. आमच्याकडच्या बाया नुसत्या रडत नाहीत, सांगून रडतात. गेलेल्या माणसाचं सगळं त्या रडण्यात येतं, त्यानं काय खाल्लं, कुणी त्याला काय बोललं, शेवटी काय झालं. एरवी जे कुणाच्या तोंडावर बोलता येत नाही तेही त्यात बोललं जातं. आवाज यशोदामायचा होता. ‘माहा धनी गेला व माय’ एवढं मला स्वच्छ ऐकू आलं.

असा आवाज कानी पडला की हातातलं टाकून जायचं, ही रीतच आहे. मी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि अनवाणी धावलो. अंगण असं तापलेलं की तळवे भाजले. आत गेलो तर यशोदामाय सुपात डाळ पाखडत बसलेली. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, “कधी झालं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते पण शब्द ऐकू येत नव्हते, कारण घाईत मी बोळे, हेडफोन काही काढलंच नव्हतं. आणि कानात रडणं चालूच होतं. तिचंच रडणं, तिच्याच आवाजात, आणि ती समोर सूप घेऊन बसलेली. मी वळून पाहिलं तर ज्या ओट्यावरून मी धावत आत आलो होतो त्यावरच महादेवबाबा. हातोडी उचलत होते, शिशावर मारत होते, आणि त्याचा आवाज नाही.

मी हेडफोन ओढून काढले, बोळे काढले. टुक-टुक. यशोदामायचं “काय झालं जवाईबापू, अनवाणी काहून आले?” रडणं कुठंच नव्हतं.

आता खांद्यावर दुपट्टा, पाय अनवाणी, आणि प्रश्न ‘कधी झालं’. हा माणूस मयतीला आलाय हे कळायला कुणाला वेळ लागणार? सून तोंडाला पदर लावून आत गेली. यशोदामायचा चेहरा उतरला, मग रागानं लाल झाला. जित्या माणसाची मयत करून राहिले, असं ती गल्लीत जो भेटेल त्याला सांगत सुटली. मासळीचा वाटा बंद झाला. बाबा तेवढे हसत होते. खोटी वार्ता उठली की आयुष्य वाढतं असं आपल्याकडे मानतात ना, ते धरून म्हणाले की जवाईनं आपल्याला आयुष्य दिलं. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बायकोनं मला भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की झोप नसली की कान वाजतात, मनही खेळ करतं. हेडफोनमध्ये कुणाच्या मोबाइलचा आवाज शिरला असेल असं भाचा म्हणाला. पण त्या दिवशी हेडफोनची बॅटरी उतरलेली होती, मी ते नुसते दाब यावा म्हणून चढवले होते. तरी मी डॉक्टरांचं मानलं. मला मानायचंच होतं.

काही दिवस काही झालं नाही. मी पुन्हा झोपायला लागलो. आणि मग पुन्हा एका दुपारी तेच. या वेळी मी उठलो नाही. तसाच पडून राहिलो आणि सगळं ऐकलं. ते शब्द मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितले नाहीत.

“मी लगनाले गेली व माय... मांगं माहा धनी पाणी-पाणी करत रायला... जवाईच्या दाराशी गेला, दार वाजवत रायला... जवाईनं कानात बोळे घातले होते व माय...”

मी उठून बोळे चुलीत टाकले. हेडफोन कपाटात कपड्यांच्या खाली ढकलले. संध्याकाळी बायको आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाबांना सांगायचं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. काय सांगणार? एकदा त्यांच्या मयतीला जाऊन आलो होतो, आता कारणही सांगून यायचं? बायकोनं आडून सांगून पाहिलं की यशोदामाय, लग्नाला जाल तर बाबांनाही न्या. बाबांनी साफ नकार दिला. दिलीपच्या डीजेनं आपले कान फुटतात म्हणाले. स्वतःच्या पोराचा आवाज त्यांनाही सोसत नव्हता, आणि मी इतके दिवस समजत होतो की त्रास मला एकट्यालाच आहे.

पुढचा तो काळ... मला नीट आठवतही नाही. उन्हाळा, लग्नावर लग्नं. दिलीप बॉक्स घेऊन जायचा आणि बऱ्याचदा घरच्या बायाही त्याच गाडीत. मी दिवसा उघड्या कानांनी पडून राहायचो. टुक-टुक ऐकू आली की बरं वाटायचं, आणि त्याच टुक-टुकीनं झोपही यायची नाही. रात्री मिलमध्ये उभ्यानं काम करायचो, बसलो तर संपलो. मालकानं शेवटची ताकीद दिली. बायको म्हणाली सुट्टी घ्या. पण सुट्टी किती दिवसांची घेणार, कोणत्या लग्नापर्यंत?

मग वैशाखात तो दिवस आला. यशोदामायच्या भाचीचं लग्न होतं कारध्याला. सगळे सकाळीच गेले. बाबा मागं राहिले. गल्लीतली निम्मी माणसं त्याच लग्नाला गेलेली. इतकी शांतता मी त्या घरात कधी अनुभवली नव्हती. कूलरसुद्धा बंद, कारण लाइट गेलेली. बोळ्यांची गरजच नव्हती. आणि मला तीच भीती वाटली, की आता मी बोळे न घालताही असा झोपेन की कुणी दार फोडलं तरी उठणार नाही. मी बाबांना जाऊन म्हटलं, आमच्याकडे येऊन बसा. ते म्हणाले, जाळं आजच पुरं करायचं आहे, तुमी झोपा.

मी घरी आलो, दार सताड उघडलं आणि बाज उंबरठ्याला टेकवून आडवी टाकली. आत येणारा माणूस माझ्या अंगावरच पडला पाहिजे. तोंडावर पाणी मारलं. टुक-टुक ऐकत बसलो. ती कधी थांबली ते मला कळलं नाही. मी झोपलो होतो.

छातीवर हात पडला म्हणून जागा झालो. बाबा होते. बाजेवर अर्धे ओणवे, अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, जीभ जड. पाणी एवढंच तोंडातून निघत होतं. मी त्यांना बाजेवर घेतलं, घोट-घोट पाणी पाजलं, माठ त्यांच्या अंगावर रिकामा केला, ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत ओला दुपट्टा त्यांच्या डोक्यावर धरून बसलो.

ऊन लागलं होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं आणि बाबा बरे झाले. यशोदामाय लग्नातली साडी नेसूनच धावत आली होती. ती गळा काढून रडणार असं वाटलं तेव्हा मी वॉर्डातून बाहेर निघून गेलो. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. बाबा घरी यायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याजवळ एकटा होतो. मी सहज विचारलं की तुमच्या ओट्यासमोर कुंभाराचं घर आहे, ते लोक घरी होते, दार उघडं होतं. तिथं न जाता तुम्ही पूर्ण वळसा घालून माझ्याकडे का आलात?

बाबा म्हणाले, “डोयासमोर अंधार आला, तवा मले तुमीच दिसले. माह्या मयतीले तुमीच तं आले होते ना जवाईबापू... मंग मले वाटलं, तिथंच जावं.”

हे ऐकल्यापासून माझं डोकं चालत नाही. तुम्हीच विचार करा. ते रडणं मी ऐकलं नसतं तर मयतीला गेलो नसतो. मयतीला गेलो नसतो तर बाबा माझ्या दाराशी आलेच नसते, समोर कुंभाराकडे गेले असते. मग यशोदामाय त्या रडण्यात माझ्या दाराचं नाव घेत होती ते कुठून? मी त्यांना वाचवलं, की मीच त्यांना वळसा घालायला लावला?

आता दिवाळीनंतरची लग्नं सुरू झाली आहेत. दिलीपनं नवे बॉक्स आणले आहेत, आधीच्यापेक्षा मोठे. मासळीचा वाटा दुप्पट झाला आहे. बायको म्हणते, झालं ते होऊन गेलं, आता घाला बोळे आणि झोपा, अशानं तुमचंच काहीतरी होईल. तिचं बरोबर आहे. काल तिनं स्वतःच नवं पाकीट आणून उशीशी ठेवलं. मी एक बोळा बोटांत दाबून बारीक केला, कानापर्यंत नेला.

आणि थांबलो. कारण आत यशोदामायचा आवाज नसेलही. पण सांगून रडणं तर माझ्या बायकोलाही येतं.