उसन्या टाळ्या

कर्णबधिर मुलांच्या शाळेत ताल शिकवणाऱ्या बाईंना मुलांनी खुणेचं नाव ठेवलं होतं: मूठ टेबलावर आपटायची. म्हणजे टाच. वर्गाची जमीन लाकडी फळ्यांची. बाई टाच आपटत, मुलं अनवाणी पायांनी ठोका टिपत आणि टाळी देत. दोन लांब, तीन जवळजवळ, मग एक गप्प. शेजारच्या वर्गाला हा धिंगाणा वाटे. बाईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

अडचण एकच. टाळ्या कधी एकदम पडत नसत. एखादी मागून धापा टाकत यायची. गेल्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी विचारलं होतं, "टाळ्या वाजवताहेत की डास मारताहेत?" शेजारी मुख्याध्यापिका बसल्या होत्या.

"या वर्षी नीट झालं नाही, तर तालाचा तास शिवणकामाला देऊन टाकते," त्यांनी बाईंना बजावलं.

म्हणून बाईंनी स्वयंपाकघराचं दार लावलं, नवऱ्याला समोर बसवलं आणि फोनवर टाळ्या रेकॉर्ड केल्या.

"अगं, हात सुजले माझे," नवरा म्हणाला. "आणि पोरांना कळलं तर?"

"त्यांना कुठे ऐकू येतंय?"

बोलून झाल्यावर त्यांनी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

कार्यक्रमाचा मंच लाकडी आहे हे त्यांना ठाऊक होतं. रेकॉर्डिंग वाजवायचा स्पीकर कुठे ठेवणार, हे मात्र त्यांनी विचारलंच नव्हतं. तो मंचावरच ठेवला होता.

पहिला फेरा झकास गेला. बाई रेकॉर्डिंग ऐकून टाच आपटत होत्या, म्हणून कणभर मागे पडत होत्या. टोकाच्या मुलीने खाली पाहिलं. तिचे पाय वर्गात सगळ्यांत तीक्ष्ण. फळ्यांतून आणखी कुणीतरी ठोके देत होतं. तिने हात थांबवले. मग शेजारच्याने. रांगभर हात खाली आले, आणि टाळ्या चालूच राहिल्या. अगदी एकसारख्या. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मुलगी स्पीकरपाशी गेली, त्यावर तळहात ठेवला आणि वळून बाईंकडे पाहिलं.

मुख्याध्यापिका रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "कल्पना वाईट नव्हती हो," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "स्पीकर खाली ठेवायला हवा होता, एवढंच. तास राहू दे तुमचा."

बाई वर्गात आल्या. मुलांनी बूट काढून भिंतीशी लावले होते. ती मुलगी मात्र बूट घालून बसली होती.

"त्या टाळ्या कुणाच्या?" तिने हातांनी विचारलं.

"माझ्या."

"आमच्या वाईट होत्या?"

"नाही. मी घाबरले."

"आमच्यामुळे?"

"नाही" म्हणायला बाईंनी हात उचलला आणि तो तसाच खाली आला. सगळे त्या हाताकडेच बघत होते.

भिंतीजवळून एक मुलगा उठला आणि त्याने आपले बूट उचलून पायांत घातले. मग दुसरा उठला. थोड्या वेळात भिंतीशी एकही बूट उरला नाही.

बाईंनी टाच आपटली. पुन्हा आपटली. तास नुकता सुरू झाला होता, आणि तो आता त्यांचाच होता.