न्यायाधीशाचा उजवा हात

माझ्या आत्याला न्यायाच्या दिवसाची भारी काळजी. स्वतःची नाही, इतरांची. जन्मभर दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नाही, आणि म्हातारपणी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली ती शेरडं-मेंढरं घेऊनच. म्हणजे येशूने दाखला म्हणून सांगितलेल्या गोष्टीतली. शेवटच्या दिवशी राजा न्यायासनावर बसेल आणि मेंढपाळ कळप वेगळे करतो तशी माणसं वेगळी करील. मेंढरं म्हणजे नीतिमान, ती उजवीकडे. शेरडं म्हणजे दुष्ट, ती डावीकडे. राजाचं बरंचसं काम आत्याने आधीच उरकून ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरचे वकील शेरडू, कारण ते लिफ्टचं दार उघडं टाकतात. दूधवाला मेंढरू. मी सकाळी मेंढरू असायचे, पण हातात मोबाइल दिसला की माझी रवानगी पलीकडे.

चाळीस वर्षं तिने आमच्या देवळातली शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, चालवली. चर्चला आमच्या घरी देऊळच म्हणतात. इतरांच्या नाताळात गोठा, तारा आणि बाळ असतं. आमच्या नाताळात मुलांचं नाटक असायचं ते न्यायाच्या दिवसाचं. बाळाचं सगळ्यांना ठाऊक आहे, लोक विसरतात ते पुढचं, असं तिचं म्हणणं. मेंढरांच्या अंगावर पांढरे टॉवेल, शेरडांच्या अंगावर काळी घोंगडी. घोंगडं मेंढीच्याच लोकरीचं असतं, हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. मला दरवर्षी घोंगडंच मिळालं, कारण प्रार्थना चालू असताना मी चिंच खाल्ली होती. एकदाच. माझ्या आधी तेच घोंगडं माझ्या काकाने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, पांघरलं होतं. ते फार टोचायचं.

काका मोठेपणीही तिच्या लेखी शेरडूच राहिला. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागला, देवळात यायचा बंद झाला, पिऊ लागला. आजीच्या अंत्यविधीला तो पिऊन आला. पेटीला खांदा देताना त्याचा तोल गेला आणि पेटी एका बाजूला कलली. पडली नाही, पण आत्याने ते पाहिलं. त्यानंतर अकरा वर्षं ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात काकाचं लिव्हर निकामी झाल्याचं कळलं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी जाऊन भेटून आले. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. दारू सोडून चार वर्षं झाली होती, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याने मला एकच विचारलं, "अक्का येती का गं?"

घरी येऊन मी ते सांगितलं तेव्हा आत्या मेथी निवडत होती. "मी कशाला जाऊ? त्याची बाजू त्यानंच निवडली हाय की," ती म्हणाली.

"आत्या, त्याच दाखल्यात आजाऱ्याला भेटायला जायचंही आहे."

"तू मला दाखला शिकवू नको."

मला इतका राग आला की मी मेथीची देठं गोळा करून आत निघून गेले. काका वाट बघत मरेल आणि ही इथे वकिलांच्या लिफ्टचा न्याय करत बसेल, असं वाटलं.

शब्बाथशाळा आता माझ्याकडे आहे, पण नाटक अजून आत्याचंच. तालमीला ती पहिल्या बाकावर बसते आणि तिथूनच हुकूम सोडते. नाटक सोपं आहे. राजा मेंढरांना म्हणतो, मी भुकेला होतो, आजारी होतो, तुम्ही माझ्याकडे आलात. मेंढरं चकित होऊन विचारतात, राजा, आम्ही कधी आलो? मग शेरडांना तो म्हणतो, तुम्ही आला नाहीत. तीही तितकीच चकित होतात, आम्ही कधी आलो नाही? दोन्हीकडे प्रश्न जवळपास सारखाच, त्यामुळे पाठांतराचा त्रास नाही.

त्या रविवारी राजा होणारी मुलगी तापाने घरी होती, म्हणून तिच्या जागी व्यासपीठावरच्या मोठ्या खुर्चीत मी बसले. आत्याने समोरून उजवा हात लांब केला. "मेंढरं हिकडं, उजव्या बाजूला!" टॉवेलवाली मुलं धावली आणि माझ्या डाव्या हाताशी येऊन उभी राहिली.

मी माझ्या हातांकडे दोनदा पाहिलं.

"आत्या, ही राजाची डावी बाजू आहे."

"तुला काय कळतंय?" असं म्हणून ती उठली. तीन पायऱ्या चढली, मला उठवून स्वतः खुर्चीत बसली, लोकांच्या बाकांकडे तोंड केलं आणि उजवा हात उचलला. त्या हाताशी घोंगडीवाली पोरं अंग खाजवत उभी होती.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली. मग एकेक आठवू लागली. "पाळकसाहेबांच्या दोन्ही पोरी... तो डॉक्टर झाला तो... सगळी डावीकडं घातली की मी!"

मला हसू आवरेना. ती हसली नाही.

"आणि घोंगडीवाली?"

"आम्ही उजवीकडे."

"तो पण?"

"दरवर्षी."

ती बराच वेळ खुर्चीतून उठलीच नाही. मुलं कंटाळून बाकांखाली लपाछपी खेळू लागली तरी तिने कुणाला दटावलं नाही. शेवटी मला म्हणाली, "उद्या सकाळी कुर्डुवाडीला गाडी कितीला हाय?"

काका भिंतीकडे तोंड करून पडला होता. आत्याने दारातूनच, कसा आहेस वगैरे न विचारता, सांगून टाकलं, "माझं चुकलं हुतं. राजा आपल्याकडं तोंड करून बसतोय. तू उजवीकडं हुतास."

काका वळला. तिला बघून आधी त्याचे डोळे भरले, मग तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत. "मला ठावं हाय की, अक्का. पयल्याच वर्षी बगितलं हुतं मी."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू मला उचलून तिकडं टाकलं असतंस."

आत्या खाटेवर बसली. पायावर अंगठा दाबून सूज पाहिली, पोटावर हात ठेवला, मला गरम पाणी आणायला पिटाळलं.

मी पाणी घेऊन आले तेव्हा काका म्हणत होता, "अक्का, त्या दिवशी आईची पेटी..."

"गप. कूस बदल," ती म्हणाली आणि त्याची पाठ पुसू लागली. मी दारात उभी राहून रडले, तोंड लपवायचंही सुचलं नाही.

परतीच्या गाडीत तिने खिडकी पकडली. "आता दर रविवारी यायचं."

"रविवारी उपासना असते."

"मग तू जा की उपासनेला."

हिने जन्मात एक रविवार चुकवलेला नव्हता. मला राहवलं नाही. "आत्या, आज मात्र तू पक्कं मेंढरू झालीस."

तिने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला काकाच्या साबणाचा वास होता.

"गप बस. त्या दाखल्यात मेंढराला आपण मेंढरू हाय ते ठावं नसतंय. तू सांगून सगळं वाया घालवू नको."