कंबरेखालची फट

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, फरशी बसवतात. सव्वीस वर्षं उकिडवे बसून त्यांनी शाळा, दवाखाने, लोकांची स्वयंपाकघरं सपाट केली आणि स्वतःच्या कंबरेची वाट लावली. मी त्यांच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवतो, म्हणून बोलायचा हक्क आहे: कामात देवमाणूस, पण स्वभावाने हट्टी नंबर एक.

एके दुपारी ते कामावर खाली बसले, ते उठलेच नाहीत. दोघांनी धरून घरी आणलं. ठेकेदार म्हणाला, "महिनाभराने सभागृहाचं काम आहे. तोवर खाली बसता आलं तर तुमचं, नाहीतर दुसरा मिस्त्री बघावा लागेल."

फिजिओबाईंनी व्यायाम दिले. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पोट आत ओढा. कंबर आणि जमीन यांत फट राहू देऊ नका, दहा आकडे मोजा. मग एकेक गुडघा छातीशी.

दाजी दिवसातून तीनदा, स्वतः बसवलेल्या फरशीवर आडवे व्हायचे. एक वेळ चुकवली नाही. तीन आठवडे झाले, दुखणं तसूभर हललं नाही. मोजेसुद्धा ताईने त्यांच्या पायात चढवायचे.

"संपलो रे मी," एकदा ते म्हणाले. "खाली बसता येत नाही तो कसला फरशीवाला?"

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पुन्हा बाईंकडे गेलो. चटईवर आडवं होण्याआधी दाजींनी पिशवीतून रोजचाच घडी घातलेला टॉवेल काढला आणि झोपताना कंबरेखाली नीट सारला.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"फट भरायला. खाली पोकळी राहिली की फरशी पाय पडताच फुटते."

बाईंनी टॉवेल ओढून बाहेर काढला. "काका, ती फट पोट आवळून मिटवायची होती. टॉवेल घातल्यावर पोटाला काम काय उरलं?"

एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण तीन आठवडे पाण्यात गेले होते आणि सभागृहाला आठ दिवस उरले होते. टॉवेल काढल्यावर दाजींना दोन आकडेही धरवेनात. पोट थरथरायचं, कंबर वर यायची. घरी ताई शेजारी बसून कंबरेखाली हात घालून बघायची. हात मनगटापर्यंत आत जायचा.

आठव्या दिवशी सकाळी दाजी भिंत धरून खाली बसायला गेले. गुडघे अर्धे वाकले आणि तिथेच थांबले. त्यांनी स्वतःच ठेकेदाराला फोन केला. "दुसरा मिस्त्री बघा," एवढंच म्हणाले. मग फोन बाजूला ठेवून फरशीवर आडवे झाले.

ताईने हात घातला. "अडकला," ती म्हणाली.

"किती बोटं जातात?"

"दोन. तिसरं जात नाही."

दाजी छताकडे बघत होते. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं.

"आकडे मोज," ते म्हणाले.

ताई चारपर्यंत पोचली.