अर्ध्या दिवसाची जीप

"माणूस चांगला आहे," असं मुलीने दोनदा म्हटलं, तिथेच मला शंका आली.

विषय ज्वालामुखी दाखवायला नेणाऱ्या गाइडचा होता. तो सकाळी येणार, आम्हा नवरा-बायकोला जीपमध्ये बसवून डोंगरावरच्या काळ्या लाव्ह्यातून फिरवणार आणि दुपारी परत आणून सोडणार. आता अशा माणसाच्या चांगुलपणाची एवढी हमी कोण देतं? जळगावहून अजिंठ्याला गाडी करून जाताना आम्ही ड्रायव्हरबद्दल एकच चौकशी करतो, तो पितो का. आणि ही मुलगी रात्री झोपायच्या आधी एकदा आणि सकाळी माझ्या भाकऱ्या चालू असताना पुन्हा एकदा सांगते, "आई, माणूस चांगला आहे हं." वर स्वतः येणार नाही. का, तर हॉटेलात ड्युटी आहे.

मुलगी बालीला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. आधी वर्षभरासाठी म्हणून गेली होती, त्याची तीन वर्षं झाली. दरवेळी फोनवर "पुढच्या दिवाळीला नक्की" म्हणायची. मग तिनेच आम्हाला बोलावलं. आम्ही बेट बघायला आलोय असं तिला वाटत होतं. मी मात्र तिला घेऊन जायला आले होते. धुळ्याला माझ्या नणंदेने, म्हणजे अक्कांनी, एक स्थळ काढून ठेवलं होतं. सराफी दुकान, घरचं घर, एकुलता एक मुलगा, शिकलेला. त्यांनी फोटोवरून पसंती कळवली होती आणि पुढच्या आठवड्यात बघायला येणार होते. मुलीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आधीच सांगितलं असतं तर ती आमच्याबरोबर परतीच्या विमानात बसायला तयार झाली नसती. जीपच्या सहलीनंतर, पोट भरलेलं असताना, शांतपणे सांगायचं असं मी ठरवलं होतं.

तेव्हा मीही काही कमी लपवत नव्हते, हे खरं. पण माझं लपवणं तिच्या भल्यासाठी होतं.

कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मी जळगावहूनच नेलं होतं. मुलीच्या खोलीत गॅस होता, तवा होता. दोघांना चार भाकरी पुरे म्हणून मी हात आखडता घेतला, तर ती म्हणाली, "अजून चार टाक." मी विचारलं, "कोणाला?" ती म्हणाली, "बाहेर भूक लागते गं." ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि तिने स्वतः वरून टाकले कांदे. तेही अख्खे. आमच्या घरी कांदा चिरत नाहीत. ह्यांना सुरीच्या कांद्याला लोखंडाचा वास येतो. हे कांदा ताटाशेजारी ठेवतात, बुक्की मारतात, टरफलं काढतात आणि मधला गाभा मुलीला देतात. ती चालायला लागली तेव्हापासूनची ही पद्धत. गाभा गोड असतो, तो तिचा. ती परदेशी गेल्यावरही ह्यांचा हात ऐकत नाही. गाभा काढून ताटाच्या कडेला ठेवतात आणि जेवण झाल्यावर मी तो उचलून संध्याकाळच्या भाजीत टाकते.

जीप आली. उघडी, जुनी, हिरव्या रंगाची. त्यातून गाइड टुणकन उतरला. तरणाबांड, दात पांढरेशुभ्र, हात जोडून "नमस्ते माताजी". आमच्याकडच्या पाहुण्यांना फिरवून फिरवून हिंदी शिकला होता. ड्रायव्हर स्टिअरिंगशीच बसून होता. पस्तिशीचा, सावळा, डोक्याला रुमाल. त्याने मान हलवली तेवढीच.

ह्यांनी सरळ पुढची जागा पकडली. मागे मी आणि गाइड.

"माताजी, आप इधर बैठो, इधर धूप नहीं आएगा," गाइड म्हणाला. मग माझ्या हातात आल्याच्या वड्या ठेवल्या. "आपको गाडी लगती है ना?"

मला गाडी लागते हे ह्याला कोणी सांगितलं? घाट सुरू व्हायच्या आत त्याने थर्मासमधून चहा काढला. मला साखरेचा, ह्यांना बिनसाखरेचा. ह्यांना साखरेचा त्रास आहे हे जळगावात आमच्या गल्लीतसुद्धा सगळ्यांना माहीत नाही.

माझ्या डोक्यात टकटक सुरू झाली. भाकरी जास्त का, ते कळलं. मुलगी का आली नाही, ते कळलं. "माणूस चांगला आहे" हेही कळलं. अर्ध्या दिवसाच्या सहलीच्या नावाखाली आमच्यासमोर मुलगा आणून बसवला होता. आमच्याकडे मुलगी दाखवतात, चहा-पोहे होतात, निदान सगळ्यांना माहीत असतं की काय चाललंय. इथे आम्हालाच गाडीत घालून फिरवत होते.

मला राग आला. खूप आला. पण मी ठरवलं, आलोच आहोत तर बघून घेऊ. मुलगा बघताना मी आधी नखं बघते. माणूस कपडे उसने आणतो, बोलणं पाठ करतो, नखांकडे त्याचं लक्ष नसतं. गाइडची नखं स्वच्छ होती. अति स्वच्छ. जन्मात हाताने काम केलं नसावं अशी.

मी पुढे वाकून ह्यांच्या खांद्याला हात लावला. "अहो, हा फार गोड बोलतोय."

"कसाले इतला संशय घेस?" हे मागे न बघता म्हणाले. हे एरंडोलकडच्या खेड्यातले. बँकेत असेपर्यंत मराठी शुद्ध होती, पेन्शनीत निघाल्यापासून पुन्हा अहिराणीवर आलेत. "गपचूप बस. डोंगर देख."

डोंगर बघण्यासारखा होता, नाही म्हणत नाही. झाडी संपली आणि एकदम काळं रान लागलं. लाव्हा वाहत येऊन जिथे थांबला तिथेच गोठलेला. काळे, खरबरीत, भोकाभोकांचे दगड, दूर खाली निळं तळं. गाइड हात हलवून सांगत होता, हे सगळं पोटातून आलं, गावं गेली, देऊळ गेलं. मी त्याच्या डोंगराकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते.

हे खाली उतरले, एक दगड उचलून हातात फिरवला आणि ड्रायव्हरला दाखवून म्हणाले, "आमनाकडे बी हाऊच. लळिंगना डोंगर. फक्त आमना थंड व्हयीसन लई दिन व्हयनात." ड्रायव्हरला यातलं काय कळणार? पण तो लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने ह्यांच्या हातातला दगड घेतला, तसाच फिरवून पाहिला आणि परत जागेवर ठेवला. ह्यांना कुठेही न्या, ड्रायव्हरशी मैत्री होतेच. पद्मालयाला गेलो तरी गणपतीपेक्षा जास्त वेळ रिक्षावाल्याशी गप्पा.

मी माझं काम सुरू केलं. गाइडला विचारलं, घरी कोण कोण असतं? आई-वडील. भाऊ? दोन. शेती? थोडी भाताची. पितोस का? तो हसला. कधी कधी, म्हणाला. निदान खोटं बोलत नाही, असं मी मनात टिपलं. मग म्हटलं, थेट विचारावं. "शादी?"

"हाँ माताजी!" त्याने खिशातून फोन काढला आणि फोटो दाखवला. बायको, मांडीवर बाळ. गुटगुटीत.

जीप चालू असती तर मी खाली पडले असते. लग्न झालेला माणूस! आणि माझ्या मुलीला साखरेपासून गाडी लागण्यापर्यंत सगळं विचारून ठेवतो! मुलीला हे माहीत आहे का? माहीत असून...? त्या क्षणी मला धुळ्याचं सराफी दुकान डोळ्यांसमोर आलं आणि मी मनात देवाला म्हटलं, आजच्या आज हिची बॅग भरते.

"खाना, माताजी?" गाइडने विचारलं. मी डबा उचलला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

एका मोठ्या काळ्या दगडाच्या सावलीत सतरंजी पसरली. मी डबा उघडला. ह्यांना वाढलं, गाइडलाही वाढलं, कारण अन्नावर राग काढायची आमच्याकडे रीत नाही. केळी त्यांनी आणली होती, बोटभर. जळगावच्या माणसाला ती केळी दाखवायची म्हणजे धाडसच. ड्रायव्हर जरा लांब, जीपच्या चाकाला टेकून उभा होता. ह्यांनी त्याला हाताने बोलावलं, "ये, बस." तो आला आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला. मी त्याच्या हातात भाकरी ठेवली, वर ठेचा.

ठेचा खाऊन गाइड नाचायला लागला. पाणी, पाणी, केळं, पाणी. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

ड्रायव्हर मात्र शांतपणे खात होता. भाकरीचा तुकडा मोडायचा, ठेच्याला लावायचा, पुढचा तुकडा. पाण्याला हात नाही. मग त्याने पिशवीतून एक कांदा घेतला. मी त्याच्याकडे बघत नव्हते, मी गाइडच्या फजितीकडे बघत होते. आवाजाने वळले. त्याने कांदा डब्याच्या झाकणावर ठेवला होता आणि बुक्की मारली होती. एकच. कांदा फुटला. त्याने टरफलं काढली, वरच्या पाकळ्या सोडवून आधी ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या, मग माझ्या. मीठ शिंपडलं.

आणि मधला गाभा काढून त्याने कागदी रुमालात गुंडाळला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा भाकरी मोडायला लागला.

बुक्कीने कांदा कोणीही फोडेल. बघून फोडेल. पण गाभा? तो काढून बाजूला ठेवायचा असतो, तो आपण खायचा नसतो, तो घरी कोणाची तरी वाट बघतो, हे कोण सांगणार त्याला? त्याचा हात विचार करत नव्हता. ती सवयच होती. किती जेवणं झाली असतील दोघांची एकत्र, तेव्हा ही सवय लागली असेल!

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आपल्या पुढ्यातली पाकळी खात होते, खाली मान घालून.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"परवादिन सांगं तिनी."

"आणि मला?"

"तुले सांगं असतं तं तू आधी नाही म्हनी असती, मंग देखं असतं." हे थांबले, मग शुद्ध मराठीत आले. गंभीर बोलायचं असलं की हे शुद्ध बोलतात. "ती म्हणाली, आईला आधी बघू दे. तिला खोट चटकन दिसते. तिला दिसली तर मी ऐकेन."

म्हणजे गाडी लागणं, बिनसाखरेचा चहा, सावलीची जागा, हे सगळं ड्रायव्हरने गाइडला सांगून ठेवलं होतं. स्वतः गप्प बसून. मी सकाळपासून चुकीच्या माणसाची नखं बघत होते.

परतीच्या रस्त्यात मी खोट शोधली. नाही असं नाही. मनापासून शोधली. वळणावर हॉर्न वाजवत नव्हता. हे शेजारी पेंगले, तेव्हा मात्र गाडी हळू केली. भाषा आपली नाही, देव वेगळ्या नावाचे, अक्का काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल. बाळंतपणाला कोण येणार? सगळं मनात येत होतं आणि प्रत्येक वळणावर त्याच्या खिशातला तो फुगवटा दिसत होता. मला रडू येत होतं, आणि गाइड समजत होता की गाडी लागली. त्याने पुन्हा आल्याची वडी दिली. चांगला मुलगा होता बिचारा.

मुलगी हॉटेलच्या पायरीवर उभी होती, ड्युटीच्या कपड्यांत. तिने जीपकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लहानपणी बरणी फुटली की अशीच उभी राहायची.

"कसा होता?" तिने विचारलं. "ज्वालामुखी?"

ड्रायव्हर उतरला, त्याने खिशाकडे हात नेला आणि मला बघून तो थांबला. मी हात पुढे केला. त्याने कागदाची पुडी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती मुलीला दिली.

"घे. थोडा सुकलाय."

तिने पुडी उघडली. तिथेच, हॉटेलच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर तिने तो गाभा तोंडात टाकला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. धुळ्याहून अक्का. कधी निघताय, पाहुण्यांना काय सांगू, बैठक कुठे ठेवायची, एका दमात सगळं.

"रविवारी पोहोचतो," मी म्हणाले.

"तिघं ना?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्यामागे तो उभा होता, रुमाल काढून हातात धरलेला, आणि आता मला त्याची नखं दिसली. ग्रीसने काळी झालेली, तुटकी, कामाची.

"नाही अक्का," मी म्हणाले. "आम्ही दोघंच."