अप्पांचं डायव्हॅगेशन

माझे वडील, अप्पा, तंजावूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एका शब्दावर त्यांचा भारी जीव होता: डायव्हॅगेशन. मूळ विषय सोडून भलतीकडे वळणं. मी म्हणायची, सरळ पाल्हाळ म्हणा की. ते म्हणायचे, छे, पाल्हाळ लावणाऱ्याला कुठं जायचं तेच ठाऊक नसतं. याला वाट ठाऊक असते, तरी तो बाजूच्या गल्लीत शिरतो. वर्गात भरकटले की तो शब्द उच्चारून ऐटीत माफीही मागायचे. मला त्या शब्दाचा वीट आला होता.

त्या वर्षांत कंप्युटर शिकलेल्या मुलींना बाहेरगावी नोकऱ्या मिळू लागल्या होत्या. मला पुण्याची मिळाली. राहायची सोय अप्पांच्या लांबच्या बहिणीकडे. तिनं लिहिलं होतं, "पोरीला पाठवतोस की नाही, तेवढं लगेच कळव. नाहीतर खोली दुसरीला देते."

आमच्या घरी मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलतात, पण लिहायचं झालं तर तमिळ अक्षरांत. मी शाळेत हिंदीच्या परीक्षा दिलेल्या, म्हणून देवनागरी घरात मला एकटीला यायची. महाराष्ट्रात जाणारं प्रत्येक पत्र अप्पा सांगायचे, मी लिहायची आणि खाली ते तमिळमध्ये सही करायचे. तेव्हा हेही पत्र लिहायला मीच बसले.

पोस्टाची पेटी चारला उघडायची. अडीच वाजले होते.

"तुझं पत्र पोचलं," अप्पांनी सांगितलं. मी लिहिलं. मग पत्र उशिरा का पोचलं, ते आलं. मग तिरुवैयारुला कावेरीला पाणी सुटलं, ते. मग तिथल्या संगीत शिकवणाऱ्या स्नेह्याचे गुडघे, त्यावरचं तेल, तेल विकणाऱ्याची नवी मोपेड. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे मोपेडचा रंग आठवत बसलेले. पायानं मी स्टूल हलवत होते. एकदा तर वाटलं, सरळ आपणच दोन ओळी लिहून मोकळं व्हावं, यांना कुठं वाचता येतंय. पण हात धजावला नाही.

"सरी, बरं," ते शेवटी म्हणाले, "सगळ्यांना नमस्कार लिही. संपलं."

साडेतीन झाले होते.

"अप्पा, पाठवता की नाही, ते राहिलं."

"राहिलं का?" ते खिडकीकडे बघत म्हणाले. विसरल्याचं सोंगसुद्धा त्यांना धड जमत नव्हतं. तेव्हा मला कळलं की चार पानं हा माणूस त्या एका वाक्याला वळसे घालत होता. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि फार वाईट वाटलं. तरी मी जाणार होतेच.

"मी लिहू?" मी विचारलं.

"लिही."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "पोरीला पाठवतो."

"ते खोड," अप्पा म्हणाले. "मी पाठवत नाही. ती येते आहे, असं लिही."

मी खोडलं, तसं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी सही केली.

"जा आता," ते म्हणाले, "पेटी उघडतील."