उतारावरची खोली

धाकट्या भावानं, दिनूनं, परवा त्याच्या घराचा जुना नकाशा उलगडला आणि नव्या छापील नकाशाला तेव्हा येणारा अमोनियाचा तो उग्र वास पुन्हा नाकात शिरल्यासारखा वाटला.

वाटणीत उचगावची सपाट जागा मी हुशारीनं घेतली होती. आजऱ्याचा उतार त्याच्या गळ्यात मारला होता. त्याच उतारावर इंजिनिअरनं कागदावर घर असं बसवलं होतं, की खालच्या खोलीच्या रुंद खिडकीतून अख्खी दरी दिसावी. तेव्हा तो नकाशा बघून माझा नुसता जळफळाट झाला.

"पावसात पाणी शिरंल की रं हितं," मी म्हणालो.

"व्हय दादा? मग नगंच ती खोली." त्यानं लगेच पेन्सिलीनं काट मारली.

घर त्या खोलीविनाच झालं, आणि पाणी तिथं कधी साचलंच नाही. दिनू मात्र परवाही सुनेला सांगत होता, "दादानं येळंवर सावध केलं बघ."