अग्रलेखावर बसायचं नसतं

"ऊठ! आधी ऊठ!" नलिनीबाई ओरडल्या. "अगं, तू अग्रलेखावर बसली आहेस!"

हेतल ताडकन उठली. अग्रलेख म्हणजे काय हे बिचारीला कुठून माहीत असणार? ती आमच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. उंची चांगली आहे म्हणून नवीन साडीचं सॅम्पल आलं की आम्ही तिलाच नेसवतो. तिला वाटलं, खुर्चीवर पाल आहे. ती घाबरून मागे सरकली आणि तिचा चपलेसकट पाय साडीच्या काठावर पडला. काठावर संपादकांचं नाव होतं. नलिनीबाईंनी डोळेच मिटून घेतले.

आमचे शेठ जयेशभाई दारातच उभे होते. ते पुढे आले, वाकले, काठाला हात लावून तो कपाळाला लावला. छापील कागदाला पाय लागल्यावर आपण सगळेच करतो, तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सुनंदाबेन, आ तो बहु खोटुं थयुं." फार वाईट झालं, असं.

ती साडी माझी होती. म्हणजे डिझाइन माझं होतं.

मी गुजरातेतल्या सचिन नावाच्या गावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका साडी प्रिंटिंग युनिटमध्ये डिझायनर आहे. डिझायनर म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर फुलं काढत बसत असेल. प्रत्यक्षात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या तरी साडीचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'सेम टु सेम, थोडा चेंज.' थोडा चेंज म्हणजे डावीकडे वळलेलं पान उजवीकडे वळवायचं. माझी सगळी नोकरी पानं वळवण्यात गेली. स्वतःच्या डोक्यातलं म्हणावं असं एक काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं, तेही नलिनीबाईंमुळे.

नलिनीबाई मला म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत मराठी शिकवायच्या. आता रिटायर झाल्यात आणि आम्ही राहतो त्या भागात, भेस्तानमध्ये, आमचं खानदेशी महिला मंडळ चालवतात. त्यांच्या गावी इंग्रजांच्या काळात एक साप्ताहिक निघायचं, 'तापीतीर'. संपादक गोविंदनाना. बाईंच्या आजोबांनी त्याचे अंक जपून ठेवले होते, बाईंनी ते स्कॅन करून घेतले. नानांच्या पुण्यतिथीला भेस्तानमध्ये ग्रंथदिंडी काढायची, पालखीत जुने अंक ठेवायचे आणि बायकांनी त्याच अंकांच्या साड्या नेसायच्या, असं त्यांनी ठरवलं.

"आपली पोरं घरात हिंदी बोलतात, बाहेर गुजराती," त्या मला म्हणाल्या होत्या. "मराठी वाचत नाहीत ना? नका वाचू. आपण ते अंगावर घालून त्यांच्यासमोरून चालू. बघू किती दिवस डोळे मिटतात."

मला ही कल्पना भयंकर आवडली. चूक झाली ती रिपीटमध्ये. रिपीट म्हणजे डिझाइनचा एक तुकडा, तो साडीभर पुन्हा पुन्हा छापतात. फुलांचं रिपीट कुठेही बसलं तरी फूल तक्रार करत नाही. मी नानांच्या सगळ्यात गाजलेल्या अग्रलेखाचं रिपीट केलं. हाच तो अग्रलेख, ज्यासाठी सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना तुरुंगात टाकलं. तो आता साडीभर झाला होता. खांद्यावर राजद्रोह, पायाशी राजद्रोह आणि बसायच्या जागीसुद्धा राजद्रोह.

"मंडळातली एकही बाई हे नेसणार नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "मीच नेसणार नाही."

जयेशभाईंनी लगेच तोडगा काढला. "बेन, अक्षर झांखा करी नाखो. न्यूजपेपर दिखना चाहिए, पढ़ने का कोई काम नहीं." झांखा म्हणजे पुसट. बाजारात पेपरच्या प्रिंटची फॅशन असते, ती अशीच असते. अक्षरांसारखं काहीतरी असतं, वाचायला गेलं तर काहीच नसतं.

"वाचता येणार नाही असा पेपर?" बाईंचा आवाज चढला. "जयेशभाई, सरकारलासुद्धा तेच हवं होतं!"

शेठ वरमले. पण शेवटी ते शेठ. "उद्या एक सॅम्पल अजून काढा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "न जामे तो छोडी दो. पेलो जयपुरवाळो फोटो पडला आहे, तो करून टाका."

तो फोटो मी पाहिला होता. मोर होते, डावीकडे तोंड करून. ते उजवीकडे वळवायचे होते. मला रडू यायचं बाकी होतं. बाईंना एक साडी गेली तर दुसरी मिळाली असती. मला दुसरी संधी मिळाली नसती, कारण शेठ एकदा 'जोयुं ने?', म्हणजे 'बघितलं ना?', म्हणाले की तो विषय कायमचा संपतो.

मी हेतलला कोरी पांढरी साडी नेसवली आणि निळा मार्कर घेतला. तिला उभी केली, बसवली, चालवली, वाकवली. कापड कुठे दबतं, कुठे पाय लागतो, कुठे लोकांची नजर जाते, तिथे तिथे खुणा केल्या. मग साडी सोडून टेबलावर पसरली. याला आम्ही प्लेसमेंट म्हणतो. रिपीट नाही, प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. माणसं उंच-बुटकी असली तरी बसायची जागा फार इकडेतिकडे होत नाही.

"बाई," मी विचारलं, "या पेपरात पाय लागला तरी चालेल असं काय आहे?"

"सुनंदा! नानांच्या पेपरात?"

"नानांनी न लिहिलेलं काहीतरी असेलच ना."

बाईंनी चौथ्या पानाचा स्कॅन ओढला. ते पान सरकारी जाहीरनाम्यांनी भरलेलं होतं. जप्ती, लिलाव, कलेक्टरसाहेबांचा दौरा, सगळं 'नामदार सरकारच्या हुकुमावरून'. बाई म्हणाल्या, "या नोटिसांचे सरकार पैसे द्यायचं. त्या पैशांत नाना कागद आणायचे आणि त्या कागदावर सरकारला झोडायचे. सरकारच्या हे फार उशिरा लक्षात आलं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"पायाशी सरकार," बाई म्हणाल्या. "सगळ्या काठाला सरकार. तुडवू दे बायकांना."

मग आमची गाडी सुसाट सुटली. अग्रलेख खांद्यावर. नाना नवख्या कवींच्या कविता छापायचे, त्या निऱ्यांत घेतल्या, चालताना निऱ्या उघडतील तशा दिसतील. बायकांची पत्रं छातीवर घेतली. त्या काळात बायकांनी पेपरला लिहायचं म्हणजे घरात आकाशपाताळ एक व्हायचं. नाना ती पत्रं मुद्दाम पहिल्या पानावर घ्यायचे. त्यांतलं एक पत्र चक्क अहिराणीत होतं. राहता राहिली बसायची जागा. मी तिथे केशतेलाची जाहिरात ठेवली. बाईंनी चष्मा पुसला, जाहिरातींचं पान नीट वाचलं आणि केशतेल काढून मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात लावली.

"प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली, असं तूच म्हणालीस ना?" त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. हेतल विचारत राहिली की काय झालं, आणि आम्ही दोघींनी तिला सांगितलं नाही.

पदर मात्र रिकामा होता. बाईंनी तिथे 'तापीतीर'मधली क्रमशः कादंबरी सुचवली. तीही नानांनीच लिहिलेली. वरवर जुन्या काळातल्या एका जुलमी सुभेदाराची गोष्ट. पण तो सुभेदार आपल्या कुत्र्याला शेजारी खुर्चीवर बसवायचा आणि रयतेला उभं ठेवायचा. जिल्ह्याच्या कलेक्टराची हीच सवय होती. गावोगाव लोक पारावर ती मोठ्याने वाचायचे आणि लोटपोट व्हायचे. सरकारी भाषांतरकाराने मात्र वर कळवलं होतं की गोष्ट ऐतिहासिक असून निरुपद्रवी आहे.

"कुठला भाग घेऊ?" मी विचारलं.

"एकच भाग घेऊन काय उपयोग? मागचा-पुढचा संदर्भ लागणार नाही."

आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पूर्वी स्क्रीनने, म्हणजे जाळीच्या साच्याने, छपाई व्हायची, तेव्हा एकदा स्क्रीन बनली की हजार साड्या सारख्याच निघायच्या. आता सगळं डिजिटल. कॉम्प्युटरमधून फाइल जाते. प्रत्येक साडीला वेगळी फाइल दिली तर प्रत्येक पदरावर वेगळा भाग!

जयेशभाईंनी कपाळाला हात लावला. "दरेक साडी अलग? बेन, मशीन साथे मजाक करो छो?"

"शेठ, कापड तेवढंच, शाई तेवढीच. फाइली मी रांगेत लावून देते. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

ते नाही म्हणाले नाहीत. हेतल नवीन सॅम्पल नेसली आणि खुशाल बसली. बाईंनी समाधानाने मान हलवली आणि काम सुरू झालं. आमच्याकडे डिझाइन आधी कागदावर उलटं छापतात, आरशात दिसतं तसं. मग तो कागद आणि कापड गरम रोलरमधून एकत्र जातं आणि कापडावर सुलटं उमटतं. सकाळी जयेशभाई कागदाजवळ उभे होते. दुपारी बघते तर रोलरच्या पलीकडे, सुलटी साडी बाहेर पडते तिथे उभे. चष्मा नाकावर, ओठ हलताहेत. मराठी त्यांना बोलता येतं तेवढंच वाचताही येतं, अडखळत.

"आ सुबेदार तो बहु हरामी छे," ते मला म्हणाले.

साड्या वाटल्या तेव्हा माझ्या सासूबाईंनी अहिराणी पत्रावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. "माय वं! हाई ते आमनी बोली शे!" मग त्यांनी ते शेजारच्या घरात वाचून दाखवलं, मग त्याच्या शेजारच्या.

दिंडीत बायकांना गोष्टीच्या क्रमाने उभं केलं, पहिला भाग सगळ्यात मागे, शेवटचा सगळ्यात पुढे. आपला पदर पाठीवर पडतो, त्यामुळे मागच्या माणसाला पुढच्या बाईचा पदर समोरच दिसतो. सुरुवातीला मागून येणाऱ्या आमच्या पोरी मोबाइलवर फोटो काढत चालत होत्या. मग एक जण फोटो मोठा करून वाचायला लागली. थोड्या वेळाने त्या रांगेतून पुढे पळायला लागल्या. "काकी, थांबा ना, सरळ चाला!" "रुक ना, मेरा अभी बाकी है!" एका पदरावर सुभेदार गावाची विहीर बंद करतो, तिथे भाग संपतो. तिच्या पुढच्या बाईच्या पदरामागे ही गर्दी. ज्यांना मराठी वाचता यायचं नाही त्या वाचता येणाऱ्यांच्या मागे लागल्या होत्या, वाचून दाखव म्हणून.

शेवटचा भाग नलिनीबाईंच्या पाठीवर होता. सगळा घोळका तिथे येऊन थडकला.

"बाई, आगे क्या हुआ? खाली क्रमशः लिखा है!"

"पुढे काही नाही," बाई म्हणाल्या. "पुढे नानांना पकडून नेलं. गोष्ट तिथेच राहिली."

"म्हणजे? सुभेदाराचं काय झालं?"

उभा जन्म मराठी शिकवलं बाईंनी, पण 'पुढे काय' असं त्यांना रस्त्यात अडवून कुणी विचारलं नव्हतं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मी पण.

एवढ्यात मागून जयेशभाईंचा आवाज आला. "एने कूतरो करड्यो हशे!"

सुभेदाराला त्याचाच कुत्रा चावला, हे अर्ध्या पोरींना पटलं, अर्ध्यांना नाही. भर रस्त्यात वाद पेटला. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि दिंडी हलायला तयार नव्हती. शेवटी बाईंनी जाहीर केलं, ज्यांना शेवट सुचेल त्यांनी मंडळात लिहून आणून द्यावा, मराठीत.

पुढच्या सोमवारी मी ऑफिसात गेले, जयपूरच्या मोरांची फाइल उघडली. जयेशभाई मागे येऊन उभे राहिले.

"मोर पछी करजो, बेन. पहेलां सुबेदार पूरो करो."

मोर अजून डावीकडेच बघताहेत. शेवट मंडळात येऊन पडताहेत आणि बाई लाल शाईने शुद्धलेखन तपासताहेत. मी या धंद्यातून शिकले ते एवढंच: लोकांनी वाचावं असं वाटत असेल तर त्यांना भाषण देऊ नये. गोष्ट ऐन रंगात तोडावी आणि पुढचा भाग पुढे चालणाऱ्याच्या पाठीवर ठेवावा.